मुक्ताई बाणेरला जातात

रविवारी सकाळी रुपालीने गॅलरीच्या दाराच्या फटींवर चिकटपट्टी मारली. आधी वरची फट, मग दोन्ही बाजू, मग खाली उंबऱ्याशी बसून एक दुहेरी पट्टी. शुक्रवारी सासूबाई, मुक्ताई, हॉस्पिटलमधून घरी आल्या, तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की हे दार उघडायचं नाही. गॅलरीतली हवासुद्धा घरात यायला नको. दोन दिवस दाराला ओली चादर लावून काढले. आज मात्र तिचा दीर अभिनव आणि जाऊ सोनाली बाणेरहून जेवायला येणार होते. सासूबाईंसाठी या घरात कुणी काही केलं नाही असं ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती, म्हणून सकाळी दूध आणायला गेली तेव्हाच कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने पट्टी आणली होती.

काचेच्या पलीकडे कबुतरं जमली होती. कठड्यावर, कुंड्यांच्या कडांवर, वाळत घालायच्या दोऱ्यांवर. रोजच्या वेळेला ती आली होती आणि आज दाणे का नाहीत हे त्यांना कळत नव्हतं. एखादं मध्येच काचेवर येऊन आपटायचं, घुमायचं, पुन्हा कठड्यावर जाऊन बसायचं.

रंगनाथ आपल्या खुर्चीत बसले होते. तोंड दाराकडेच. मांडीवर पेपर होता, पण पान उलटल्याचा आवाज आला नव्हता.

"ती पट्टी काढताना दाराचा रंग निघेल," ते म्हणाले.

"निघू दे, बाबा."

"मी आपलं सांगितलं."

या घरात येऊन तिला वीस-बावीस वर्षं झाली होती. सासऱ्यांनी "मी आपलं सांगितलं" म्हटलं की विषय संपला, हे ती पहिल्या महिन्यातच शिकली होती.

सदाशिव पेठेतल्या त्या सोसायटीत रंगनाथांच्या कबुतरांना सगळेच ओळखत. खडकीच्या सरकारी कारखान्यात स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले होते. तिथे त्यांच्या सहीशिवाय साधा खिळाही बाहेर जात नसे. घरी बसल्यावर त्यांच्या सहीची कुणालाच गरज उरली नाही. मग कबुतरं आली. सकाळी ज्वारी, दुपारी पाणी, संध्याकाळी पुन्हा मूठभर बाजरी. सोसायटीचे सेक्रेटरी साने यांनी एकदा जिन्याखालच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'तिसऱ्या मजल्यावरील अन्नछत्रामुळे पार्किंगमधील गाड्यांचा रंग बदलत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' त्याखाली दुसऱ्या दिवशी रंगनाथांच्या वळणदार अक्षरात उत्तर होतं, 'कबुतरे सोसायटीची सभासद नाहीत. त्यांना नोटीस लागू नाही.' सगळी सोसायटी महिनाभर हसत होती. मुक्ताईही हसल्या होत्या. त्या तेव्हा हसू शकत होत्या, हसताना त्यांना खोकला येत नव्हता.

पण हे सगळं सुरू कधी झालं, ते फक्त रुपालीला नेमकं ठाऊक होतं, आणि ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. अभिनवच्या लग्नाच्या दिवशी.

सोनाली नागपूरची. तिचे वडील सुखदेव सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, घर बौद्ध. अभिनव आणि ती एकाच कंपनीत होती. रंगनाथांनी एकच वाक्य उच्चारलं होतं, "तुमचं तुम्ही बघा, मी येणार नाही." आरडाओरडा नाही, शाप नाही. त्यामुळेच त्याला उत्तर देता येईना. सुदर्शन, म्हणजे रुपालीचा नवरा, आदल्या रात्रीपर्यंत "जाऊ या की" म्हणत होता आणि सकाळी उठल्यावर "बाबांना एकटं कसं सोडायचं" म्हणायला लागला. रुपालीची अंजिरी साडी इस्त्री होऊन पलंगावर पडली होती. शेवटी घरातून एकट्या मुक्ताई गेल्या. खाली उतरून त्यांनी स्वतः रिक्षा थांबवली, हातात फक्त एक पिशवी होती. रुपालीने वरून पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन भात टाकायला लागली.

सवयीने तिने सगळ्यांचा भात टाकला होता. तो उरला. दुपारी रंगनाथ पातेलं घेऊन गॅलरीत गेले, आणि उरलेला भात त्यांनी कठड्यावर ठेवला. दोन कबुतरं आली. ते दार ओढून घेऊन संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले.

त्यानंतर अभिनव आणि सोनाली सणावारी, पुढे पंधरा दिवसांनी एकदा, या घरी यायला लागले. मुक्ताईंनी ते घडवून आणलं. पण ती दोघं दारात आली की रंगनाथ उठायचे आणि कबुतरांकडे जायचे. दार लोटलेलं असायचं. काचेतून त्यांची पाठ दिसायची. बाणेरच्या घरात तर ते एकदाही गेले नव्हते. नऊ वर्षांत सगळ्यांना त्या पाठीची सवय झाली.

आज जायला गॅलरी नव्हती.

बेल वाजली तेव्हा रंगनाथ खुर्चीतून अर्धे उठले, दाराकडे पाहिलं आणि पुन्हा बसले. सोनाली आत आली, चपला काढून तिने नेहमीप्रमाणे पाठीला करायचा तसा नमस्कार केला, आणि समोर चेहरा आहे हे लक्षात आल्यावर तिचीही जरा गडबड झाली.

"बसा," रंगनाथ म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

मुक्ताई जेवायला टेबलाशीच येऊन बसल्या. ऑक्सिजनचं यंत्र आतल्या खोलीत घरघरत होतं आणि त्याची लांब नळी दारातून बाहेर येऊन त्यांच्या नाकापाशी पोचली होती. नातीने, रुपालीच्या लेकीने श्रद्धाने, ती नळी कुणाच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेने नीट लावून दिली. रुपालीने अळूची पातळ भाजी केली होती, मुक्ताईंना आवडते म्हणून. त्यांनी दोन घास खाल्ले आणि तिसऱ्या घासाआधी बराच वेळ थांबल्या.

"डॉक्टर काय म्हणाले ते सगळ्यांना नीट माहितीये का?" अभिनवने विचारलं. तो आल्यापासून बोलायची वेळ शोधत होता.

"जेव आधी," सुदर्शन म्हणाला.

"जेवतोच आहे, दादा. फुप्फुसं कडक होत चाललीत. कबुतरांच्या पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं आत गेलीये, त्याची सूज होती, आता तिचे वण झालेत. झालंय ते परत येणार नाही. पुढचं थांबवायचं, एवढंच हातात आहे. आणि हे मागच्या वर्षी कळलं असतं तर वण झाले नसते, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं."

वरणाची वाटी सरकवल्याचा आवाज आला.

"वहिनी, मागच्या दिवाळीनंतर आईला तूच घेऊन गेली होतीस ना? टिळक रोडच्या डॉक्टरांकडे?"

"हो."

"मग त्यांनी विचारलंच नाही, घरात पक्षी आहेत का म्हणून? हा पहिला प्रश्न असतो."

रुपालीच्या हातातला डाव तसाच राहिला. तो दिवस तिला चांगला आठवत होता. स्कूटर लावायला जागा मिळत नव्हती. मुक्ताईंना दवाखान्याच्या दारात उतरवून ती दोन गल्ल्या फिरली होती, आणि ती वर पोचली तोवर त्या औषधांचा कागद घेऊन बाहेर आल्या होत्या. धुळीचा खोकला आहे म्हणाले, असं त्यांनीच सांगितलं. तेव्हा सगळीकडे रस्ते खणून ठेवले होते, धूळ होतीच. रुपालीने घरी येऊन स्वयंपाकघरात फोडणीच्या धुरासाठी चिमणी बसवून घेतली, खिडक्यांना जाड पडदे लावले. गॅलरी मात्र मुक्ताई रोज सकाळी स्वतः झाडायच्या, नाकातोंडाला पदर बांधून. पदर का बांधता, असं एकदाही तिने विचारलं नव्हतं.

"मी आत नव्हते," ती म्हणाली. "मी गाडी लावत होते."

"म्हणजे आई एकटीच आत गेली?"

"अभि," सोनाली मध्येच म्हणाली. तिचा आवाज खालचा होता, पण अभिनव थांबला. "ताई रोज इथे आहेत. रोजचं सगळं त्या करतात. आपण पंधरा दिवसांनी येतो, तेही जेवायला. त्यांना काय विचारतोयस?"

रुपालीने तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या टेबलावर तिची बाजू घेऊन कुणी बोललं असेल तर ते तिला आठवत नव्हतं, आणि ज्या लग्नाला ती गेली नव्हती त्या लग्नाची नवरी आज ते बोलत होती.

बायकोवरचा रोख सुटला तसा सुदर्शनला धीर आला. तो वडिलांकडे वळला. "बाबा, मी तुम्हाला किती वेळा म्हणालो होतो, पुरे करा ते दाणे."

"तू म्हणालास ते सानेचा फोन आला म्हणून," रंगनाथ म्हणाले. "गाड्या खराब होतात म्हणून. तिच्या छातीचं मला कोण म्हणालं? तू म्हणालास? हिने सांगितलं?" त्यांनी रुपालीकडे पाहिलंही नाही. "डॉक्टरांनीच विचारलं नाही, तर मला कसं कळावं?"

"आबा, पण हॉस्पिटलमध्ये त्यांनी विचारलं ना," श्रद्धा म्हणाली. ती अजून त्या गोष्टीतून सावरली नव्हती. आजीच्या उशाशी बसलेली असताना तरुण डॉक्टरने सहज विचारलं होतं, आणि तिने सहजच सांगून टाकलं होतं की आमच्याकडे खूप पिजन्स येतात, आबा फीड करतात. "मी सांगितलं तेव्हा ते एकदम लिहायचे थांबले."

"हो, पण आत्ता. मागच्या वर्षी विचारलं असतं तर—"

"विचारलं होतं," मुक्ताई म्हणाल्या.

त्यांनी हातातला चमचा ताटलीत ठेवला. एक श्वास घेतला, मग दुसरा. सगळे त्यांच्या श्वासासाठी थांबून राहिले.

"मागच्या वर्षी डॉक्टरांनी विचारलं होतं. घरात पक्षी आहेत का. मी नाही म्हटलं."

"आई," अभिनव म्हणाला.

"पाळलेले नव्हते. खोटं कुठे बोलले?" त्या किंचित हसल्या आणि खोकला येईल या भीतीने हसू तिथेच आवरलं. "त्यांनी दोनदा विचारलं. कबुतरांना दाणे वगैरे घालता का. दुसऱ्यांदाही नाही म्हटलं. का विचारता, असंही विचारून घेतलं. त्यांनी समजावून सांगितलं. सगळं."

"म्हणजे तुला वर्षभर माहीत होतं."

"होतं."

"आणि तू रोज ती गॅलरी झाडत होतीस."

"मी झाडली नसती तर रुपालीने झाडली असती."

रुपालीने डाव खाली ठेवला.

"पण का, आई?" सुदर्शनचा आवाज चिरकला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण त्या क्षणी तो श्रद्धाहून लहान वाटला. "बाबांना सांगितलं असतंस, तर त्यांनी बंद केलं असतं."

"केलं असतं," मुक्ताई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवसापासून. मला माहीत आहे. मग त्यांनी काय केलं असतं? सकाळी उठून कुठे गेले असते? अभि आला की कुठे जाऊन बसले असते?" पुन्हा एक श्वास. "मला वाटलं, माझा खोकला औषधाने जाईल. त्यांचं ते जाणार नाही."

रंगनाथ उठले. कुणाकडेही न बघता ते चालत गॅलरीच्या दारापाशी गेले आणि त्यांनी कडीला हात घातला. मग त्यांच्या बोटांना पट्टी लागली. ते तसेच उभे राहिले, कडीवर हात ठेवून, पाठ सगळ्यांकडे. काचेच्या पलीकडे कबुतरांनी त्यांना ओळखलं असावं. कठड्यावर एकदम फडफड झाली.

रुपालीला वाटलं, कुणीतरी जाऊन त्यांना हाताला धरून परत आणावं. पण त्यांना हाताला धरणारं माणूस टेबलाशी नळी लावून बसलं होतं, आणि ते उठलं नाही.

शेवटी सोनालीच बोलली. "आईंना इथे ठेवता येणार नाही. दाणे बंद केले तरी इमारतीच्या मागच्या शाफ्टमध्ये घरटी आहेत. ती धूळ राहणार. मी काल डॉक्टरांशी बोलले. आमच्याकडे सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत, आणि आईंसाठी खोली मी कालच लावून ठेवलीये." ती थांबली. "आज संध्याकाळीच नेते मी त्यांना. चालेल ना, ताई?"

या घरातून कुणी जायचं तर रुपालीला विचारून जायचं, असं आजवर कुणी केलं नव्हतं. तिने मान हलवली.

"खोली मोठी आहे," सोनाली पुढे म्हणाली. आता ती रंगनाथांच्या पाठीशी बोलत होती, आणि त्या पाठीशी बोलायची तिला सवय नसल्यासारखे तिचे शब्द अडखळत होते. "दोन पलंग आहेत. तुम्हाला कसं विचारायचं ते मला कधी कळलं नाही. पण जागा पहिल्यापासून आहे."

रंगनाथ वळले. त्यांचा चेहरा रुपालीने असा कधी पाहिला नव्हता. स्टोअरकीपरचा चेहरा, पण किल्ल्या काढून घेतलेल्या. ते सोनालीकडे पाहू शकले नाहीत. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मी येऊ का?" त्यांनी विचारलं.

त्या घरात असा प्रश्न त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता. सुदर्शनने चटकन मान वर केली. अभिनवचे डोळे भरून आले. सगळं आता मार्गी लागणार असं प्रत्येकाला वाटलं, रुपालीलाही वाटलं.

"नको," मुक्ताई म्हणाल्या.

"आई," सुदर्शन म्हणाला.

"नको. आत्ता नको." त्या नवऱ्याकडे सरळ पाहत होत्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "नऊ वर्षं त्या घराची पायरी चढला नाहीत. आता माझ्या खोकल्याला धरून चढू नका. सोनालीला ते बरं वाटणार नाही, मलाही नाही." त्या थांबल्या, दम घेतला. "आणि तुम्ही आलात की माझं सगळं लक्ष तुमच्याकडे राहतं. चहा झाला का, कुठे बसलाय, गप्प का आहात. मला आता तेवढं होत नाही हो. मला थोडे दिवस फक्त श्वास घेऊ द्या."

रंगनाथांनी मान हलवली. दोनदा, हळू. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसले. ताटातला भात वाळून गेला होता.

दुपारी रुपालीने आतल्या खोलीत बॅग भरली. सुती साड्या, गाऊन, शाल, औषधांचा डबा. मुक्ताई पलंगावर तक्क्याला टेकून बघत होत्या आणि बोटाने दाखवत होत्या. ही नको, ती घे. शाल झटकायला रुपालीने हात वर केला आणि तसाच खाली आणला. आता या घरात काहीही झटकायचं नव्हतं.

"आई, तुम्ही मला तरी सांगायचं होतंत."

"तू काय केलं असतंस?"

"दाणे टाकून दिले असते. भांडले असते त्यांच्याशी."

"तू?" मुक्ताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यात चेष्टा नव्हती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अभिच्या लग्नाच्या दिवशी तू साडी इस्त्री करून ठेवली होतीस. अंजिरी."

रुपालीला वाटलं होतं की ती साडी कुणी पाहिली नव्हती.

"मी जिन्यात थांबले होते बराच वेळ. दुसऱ्या मजल्यावर. म्हटलं, ही येईल मागून. तू आली असतीस तर सुदर्शन आला असता. दोघं आला असतात, तर हे घरात एकटे बसले नसते. चिडून का होईना, संध्याकाळपर्यंत हॉलवर आले असते. आणि मग..." त्यांना धाप लागली. रुपाली पुढे झाली, पण त्यांनी हातानेच थांबवलं. श्वास जागेवर आला तेव्हा वाक्य पुरं करायची त्यांची इच्छा राहिली नव्हती. "असो. ती निळी साडी राहू दे. तिथे कुठे लागणार आहे."

रुपालीने निळी साडी दोघींच्या सामाईक कपाटात परत ठेवली. दार लावताना तिला आत, खालच्या कप्प्यात, स्वतःचीच अंजिरी घडी दिसली. गेल्या कित्येक वर्षांत ती नेसायचा एकही प्रसंग आला नव्हता, असं ती स्वतःला सांगत आली होती. प्रसंग आले होते. तिने कपाट लावलं आणि बॅगेची चेन ओढली.

ऊन उतरल्यावर त्यांना खाली नेलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. सुदर्शन आणि अभिनवने मुक्ताईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. लहानपणी गणपती नेताना जसे एकमेकांना "सांभाळ, पायरी आहे" म्हणायचे, तसेच दोघं भाऊ आता म्हणत होते, आणि बऱ्याच वर्षांनी एकमेकांच्या इतके जवळ होते की श्वास एकमेकांच्या तोंडावर येत होता. सोनाली पुढे, श्रद्धा बॅग घेऊन. ऑक्सिजनचं यंत्र आधीच गाडीच्या डिकीत गेलं होतं. रंगनाथ मागून येत होते. प्रवासापुरता दिलेला छोटा सिलिंडर त्यांच्या हातात होता, आणि नळी ताणली जाऊ नये म्हणून ते खुर्चीच्या अगदी लगत, प्रत्येक पायरीला थांबत उतरत होते.

पार्किंगमध्ये साने उभे होते. त्यांच्यासाठी हा दिवस विजयाचा असायला हरकत नव्हती. त्यांनी काही न बोलता आपली स्कूटर बाजूला घेतली, म्हणजे खुर्ची गाडीपर्यंत नेता येईल.

"लवकर बऱ्या होऊन या, वहिनी," ते म्हणाले.

"बघू," मुक्ताई म्हणाल्या. "तुमच्या गाड्यांचे हाल तरी थांबले."

साने यांनी गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

मुक्ताईंना मागच्या सीटवर बसवलं. सिलिंडर पायापाशी नीट बसला का ते रंगनाथांनी दोनदा वाकून पाहिलं. मग ते ताठ झाले आणि गाडीच्या पलीकडून दार लावायला आलेल्या सोनालीला म्हणाले, "सोनाली, तिला दोन उशा लागतात. एकीवर झोप येत नाही."

त्यांनी तिचं नाव घेतलेलं कुणीच कधी ऐकलं नव्हतं. सोनालीने दाराची कडा घट्ट धरली. "हो, बाबा," ती म्हणाली. "माहितीये मला. आई मागे आमच्याकडे राहिल्या होत्या ना चार दिवस."

"असं होय," रंगनाथ म्हणाले. मुक्ताई बाणेरला राहून आल्या होत्या तेव्हा ते इथेच होते, आणि परत आल्यावर त्यांनी काही विचारलं नव्हतं. तिथे ती कशी झोपली, ते सुनेला ठाऊक होतं.

ते खिडकीशी वाकले. "पोचलीस की फोन कर."

"फोनवर बोललं की दम लागतो," मुक्ताई म्हणाल्या. "तुम्हीच करा. तुम्ही बोला, मी ऐकेन."

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. क्लासला जाणाऱ्या मुलांची गर्दी, दोन रिक्षा, एक टेम्पो, आणि मग ती दिसेनाशी झाली. सुदर्शन वर जाऊ म्हणाला. रंगनाथ म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. ते जिन्याखालच्या फळ्यापाशी थोडा वेळ उभे राहिले. फळा कोरा होता.

दिवेलागणीला रुपालीने मुगाची खिचडी टाकली. सुदर्शन आतल्या खोलीत रिकाम्या पलंगावरची चादर बदलत होता; ते काम तिने त्याला सांगितलं नव्हतं. बाहेरच्या खोलीत रंगनाथांनी चष्मा लावून फोनवर नंबर शोधला. त्यांच्या फोनमध्ये सोनालीचा नंबर नव्हता, तो श्रद्धाने घालून दिला. पलीकडून सोनालीने फोन मुक्ताईंच्या कानाशी धरला असावा.

"मी बोलतोय," रंगनाथ म्हणाले.

मग बराच वेळ काही नाही. रुपालीने भांडी वाजवायची थांबवली.

"ऐकतेयस ना? नको, तू बोलू नकोस. मी बोलतो." "रुपाली खिचडी करतेय. सुदर्शन आहे घरी. श्रद्धा अभ्यास करतेय." त्यांचं बोलणं संपलं. इतक्या वर्षांच्या संसारात सांगायचं ते मुक्ताईंनीच सांगितलं होतं, आणि त्यांनी पेपराच्या आडून ऐकलं होतं किंवा ऐकलंही नव्हतं. "आणि... हवा बरी आहे आज." त्यांना स्वतःलाच ते शब्द टोचले असावेत, ते घाईने पुढे म्हणाले, "जेवलीस का? नको, सांगू नकोस. जेवली असशील. कशी बसली आहेस आता? खिडकीशी आहेस का? तुझ्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

पलीकडून उत्तर यायचं नव्हतं. त्यांनीच तसं सांगितलं होतं.

रुपालीने गॅस बारीक केला आणि दारात येऊन उभी राहिली. रंगनाथांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. शोधून काही सापडत नसल्यासारख्या त्यांच्या भुवया जवळ आल्या होत्या.

"मला काही दिसतच नाहीये गं," ते म्हणाले. "तू कुठे बसली आहेस ते डोळ्यांपुढे येत नाही. मी ते घर कधी पाहिलंच नाही."